ब्रीद आणि जाहीरखबर

नियतकालिकांचा इतिहास लिहिणारा मनुष्य जुन्या फायली उघडून बसला म्हणजे तो प्रथम अग्रलेख वाचतो, मग स्फुटे, मग वाचकांचा पत्रव्यवहार. जाहिरातींच्या पानापर्यंत त्याची दृष्टी सहसा जात नाही, आणि गेलीच तर करमणुकीपुरती. मासिकांच्या बाबतीत तर ती पाने त्यास पाहावयास मिळतीलच असे नाही. वर्षाचे अंक एकत्र बांधताना खंड आटोपशीर व्हावा म्हणून मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत ग्रंथालयांतून पुष्कळ चालत आली आहे. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४० सालापासून चालत आलेल्या संस्थांनी जुने कागद राखले म्हणून तर आज या विषयाचा विचार करता येतो. परंतु कोणत्याही संग्रहाची गोष्ट घेतली तरी बांधणाऱ्याच्या कात्रीपुढे संपादकाचे मत टिकले आणि संपादकाचे गिऱ्हाईक गेले, असा अनुभव येतो. परिणाम असा की, आपल्या पत्रांनी काय उपदेश केला हे आपणांस चांगले ठाऊक असते. तो उपदेश छापण्यास लागणारा पैसा कोणाकडून घेतला आणि कोणाचा परत केला, याविषयी मात्र आपण फारसे विचारीत नाही.

प्रश्न जुना आहे आणि साधा आहे. एखादी संस्था काही ब्रीद बांधून उभी राहते. त्या ब्रीदाच्या विरुद्ध जाणाऱ्या मालाचा, मताचा वा माणसाचा पैसा तिच्या दाराशी आला तर तिने काय करावे? आणि त्याहून कमी विचारला जाणारा दुसरा प्रश्न असा की, ब्रीदाशी जुळणारी गोष्ट पैसे घेऊन दाराशी आली असता तिला परत पाठविले, तर त्या ब्रीदाचे मोल काय राहिले? मराठी पत्रसृष्टीच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची उदाहरणे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण अधिक बोलके आहे; पण त्याकडे जाण्यापूर्वी पहिल्याचा थोडा परामर्श घेतला पाहिजे.

ज्यास आज आपण जाहिरात म्हणतो तिला आपले पूर्वज 'जाहीरखबर' म्हणत. शब्द प्रामाणिक होता. अमुक पुस्तक छापून तयार आहे, अमुक घर विकणे आहे, अमुक गावी शाळा निघाली आहे, एवढी खबर जाहीर करावयाची आणि तेवढ्याचेच दाम घ्यावयाचे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले तेव्हापासून पुढची शंभर वर्षे मराठी पत्रकर्त्याची मुख्य रड एकच होती, आणि ती म्हणजे वर्गणीदाराची. अंक घेणारे पुष्कळ, पैसे देणारे थोडे. एक अंक दहा घरी फिरावयाचा आणि दहापैकी नवांनी तो फुकट वाचावयाचा, ही आपल्या सुशिक्षित वर्गाची परंपरा आहे. अशा स्थितीत जाहिरातदार हा पत्रकर्त्यास देवासारखा वाटला तर नवल नाही. तो रोख देतो, वेळेवर देतो आणि अग्रलेखाविषयी तक्रार करीत नाही. निदान प्रारंभी तरी करीत नाही.

परंतु लवकरच खबर मागे पडली आणि भुरळ पुढे आली. शक्तिवर्धक गोळ्या, गमावलेले तारुण्य परत देणारी रसायने, सर्व रोगांवरील एकच अर्क, वशीकरणाच्या अंगठ्या आणि तावीज यांनी शेवटची पाने भरू लागली. पहिल्या पानावर विवेकाचा आणि शास्त्रीय दृष्टीचा पुरस्कार, आणि शेवटच्या पानावर मंतरलेली अंगठी, असा हा संसार कित्येक वर्षे सुखाने चालला. यावर पत्रकर्त्यांनी शोधून काढलेला तोडगा प्रसिद्धच आहे: जाहिरातीतील मजकुरास संपादक जबाबदार नाहीत, अशी बारीक टाइपातील एक ओळ. ही ओळ कायद्याच्या दृष्टीने कितपत उपयोगी पडते ते वकिलांनी सांगावे; नीतीच्या दृष्टीने ती स्वयंपाकघरात कांदा शिजवून सोवळ्याचे ताट वाढण्यासारखी आहे. अखेरीस १९५४ साली संसदेने औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयी कायदा केला. संपादकांनी स्वतःच्या मनाने जे करावयाचे होते, ते सरकारने करावे लागले.

या ठिकाणी एक विसंगती नोंदविल्यावाचून राहवत नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि संततिनियमन व लैंगिक आरोग्य यांविषयी सरळ भाषेत, शास्त्राच्या आधारे लिहावयास आरंभ केला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते, तरी दंड टळला नाही. त्याच काळी धातुपौष्टिकाच्या जाहिराती सभ्य घरांत रोज टपालाने येत होत्या. शरीराविषयी खरे सांगणाऱ्यास दंड आणि खोटे विकणाऱ्यास रकाना, ही त्या काळच्या सभ्यतेची वाटणी होती.

आता एवढ्यावरून जाहिरात ही मुळातच त्याज्य वस्तू आहे असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. दादासाहेब फाळके १८७० साली आमच्या त्र्यंबकेश्वरी जन्मले, आणि पुढे १९१८ च्या सुमारास त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनीही नाशकातच उभी राहिली. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट १९१३ साली लोकांपुढे आला, तेव्हा चार-सहा तास चालणारी नाटके पाहण्यास सवकलेल्या प्रेक्षकास एवढ्याशा खेळासाठी पैसे देणे जिवावर येत असे. तेव्हा फाळक्यांनी सत्तावन हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि किंमत अवघी तीन आणे, अशा धर्तीची जाहिरात केल्याचे सांगतात. यात खोटे काहीच नव्हते. फीत खरोखरच लांब होती आणि छायाचित्रे खरोखरच हजारो होती. केवळ गणित मांडण्याची चतुराई होती. नवी वस्तू निर्माण करणाऱ्यास तिची वार्ता लोकांपर्यंत नेण्याचा हक्क असतो, आणि तो हक्क बजावण्याचे गरिबाला परवडणारे साधन म्हणजे जाहिरात. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल, म्हणून ध्यानात ठेवावी.

जाहिरातीचा मार्ग संपूर्णपणे बंद करून टाकणारा आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे गांधीजी. त्यांनी याची कारणे जिथे सविस्तर सांगितली, त्या 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' या पुस्तकाचे लेखन १९२३ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या येरवडा तुरुंगात सुरू झाले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९०३ साली दरबान येथे 'इंडियन ओपिनियन' निघाले तेव्हा ते इतर पत्रांसारखेच जाहिराती घेत असे व छापखान्यात बाहेरचे कामही करीत असे. १९१२ साली गांधीजींनी जाहिराती बंद केल्या. त्यांनी दिलेली कारणे मोठी व्यवहारी आहेत. कोणती जाहिरात घ्यावी आणि कोणती नाकारावी याचा निर्णय करणे कठीण होऊन बसते. एखादी जाहिरात नाकारावी असे मनातून वाटत असते, परंतु जाहिरातदार समाजातील वजनदार गृहस्थ असल्यामुळे ती निमूटपणे घ्यावी लागते. शिवाय पत्रातील चांगली माणसे जाहिराती मिळविण्यात व त्यांची उधारी वसूल करण्यात गुंतून पडतात, आणि त्यासाठी लोकांची आर्जवे करावी लागतात ती वेगळीच. याच्या पुढे त्यांनी मांडलेला विचार अधिक मूलगामी आहे: पत्र जर सेवेसाठी चालवावयाचे असेल तर ती सेवा लोकांवर लादता कामा नये, लोकांस ती हवी आहे याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे पत्र आपल्या पायावर उभे राहील इतके वर्गणीदार मिळणे. 'यंग इंडिया' व 'नवजीवन' यांतही त्यांनी आरंभापासून जाहिराती घेतल्या नाहीत, आणि त्यामुळे पत्रांचे स्वातंत्र्य राखण्यास मोठी मदत झाली, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

या कारणांपैकी वजनदार गृहस्थाचे जे कारण आहे, ते मला सर्वांत खरे वाटते. परक्याचा वाईट पैसा नाकारणे फारसे कठीण नसते. कठीण असते ते आपल्याच माणसाचा पैसा नाकारणे. ज्याने गावात शाळेला खोल्या बांधून दिल्या, जो उत्सवात पहिल्या रांगेत बसतो, ज्याच्या घरचे कार्य आपण जेवून आलो, त्याचा माल वाईट आहे असे म्हणावयाचे कोणी? नाशिक जिल्ह्यात तर हा प्रश्न शाळेच्या स्मरणिकेपर्यंत येऊन पोहोचतो. सिन्नर हे विड्यांच्या धंद्याचे जुने ठाणे. विड्या वळून संसार चालविणाऱ्या बायकांच्या हातांवर तेथील कित्येक घरे उभी राहिली. त्या घरांतील मुली ज्या शाळेत शिकतात, तिच्या स्मरणिकेत विडीच्या कारखानदाराची जाहिरात असावी की नसावी, याचे उत्तर मुंबईत बसून देणे सोपे आणि सिन्नरला बसून देणे अवघड होते. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद करून हा पेच बाहेरून सोडविला. आता त्याच जिल्ह्यात द्राक्षांपासून वाइन होते, आणि जिल्ह्याचे नाव देशभर नेणाऱ्या या धंद्यास जवळ करावे की दूर ठेवावे, याचा घोळ येथील संस्थांच्या मनात आहेच.

साहित्यसंस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. २०१० साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या वेळी, गुटख्याच्या धंद्याशी निगडित असलेल्या उद्योगसमूहाचे प्रायोजकत्व घ्यावे काय, यावरून लेखक व कार्यकर्ते यांच्यात मोठे वादळ उठले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, महाराष्ट्रात गुटख्यावरच बंदी आली. या वादात मला महत्त्वाचे वाटते ते हे की, निदान तेथे विचारणारा आणि उत्तर देणारा कोणी तरी होता. हल्ली संस्थांची जी संकेतस्थळे असतात त्यांवरील जाहिराती पुष्कळदा संस्था निवडीतच नाही. रिकामी जागा मध्यस्थ कंपनीच्या स्वाधीन केलेली असते. वाचकाने पान उघडताच, ते डोळ्यांपुढे येईपर्यंतच्या क्षणार्धात, यंत्रे त्या जागेचा लिलाव करतात, आणि दोन वाचकांस एकाच पानावर दोन निरनिराळ्या जाहिराती दिसतात. अंधश्रद्धानिर्मूलनावरील लेखाच्या कडेला ज्योतिषाची जाहिरात झळकली तरी ती संपादकाच्या दृष्टीस पडेलच असे नाही. अमुक प्रकारचा माल नको असे मध्यस्थास सांगून ठेवण्याची सोय असते. ती वापरण्याचे श्रम किती संस्था घेतात हा प्रश्न निराळा. गांधीजींना छळणारा निवडीचा त्रास अशा रीतीने संपला आहे. मात्र तो विवेकाने संपला नसून आळसाने संपला आहे.

असो. आतापर्यंत जे सांगितले ते वाईट पैसा आत येण्याविषयी. आता चांगला पैसा बाहेर ठेवण्याची हकीकत.

१९१८ च्या मार्च महिन्यात मुंबईस अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. विठ्ठल रामजी शिंदे तिचे प्रवर्तक आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज अध्यक्ष. लोकमान्य टिळक त्या व्यासपीठावर आले आणि देवाने जरी अस्पृश्यता चालवून घेतली तरी अशा देवास आपण देव मानणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता न पाळण्याची जी प्रतिज्ञा परिषदेने तयार केली होती, तिच्यावर लोकमान्यांची सही झाली नाही. शिंद्यांस याचे शल्य राहिले. तरीही उद्गार निघाले होते, ते लोकांनी ऐकले होते, आणि लोकमान्यांच्या तोंडचा शब्द म्हणजे 'केसरी'चे ब्रीद असे समजणाऱ्यांची संख्या मराठी मुलखात मोठी होती.

यानंतर दोन वर्षे पुरती झाली नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. लेखणी आणि प्रेरणा भीमराव आंबेडकरांची. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पहिल्याच अंकात आंबेडकरांनी हिंदू समाजास अनेक मजल्यांच्या पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली: जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने तेथेच मरावे. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी आहेत, म्हणून ज्यांना वाचा नाही त्यांना स्वतःचे पत्र हवे, हे त्यांचे म्हणणे होते.

नवे पत्र निघाले म्हणजे त्याची वार्ता जुन्या पत्रांत द्यावयाची, हा पत्रव्यवसायातील साधा शिरस्ता. 'केसरी' हे मराठीतील सर्वदूर जाणारे पत्र; तेव्हा 'मूकनायका'ची वार्ता त्यात यावी हे स्वाभाविक होते. 'केसरी'ने ती वार्ता तर दिली नाहीच. परंतु पैसे घेऊन जाहिरात छापण्याची विनंती केली असता, तीही मान्य केली नाही. लोकमान्य तेव्हा हयात होते. १९१९ च्या अखेरीस ते विलायतेहून परतले होते, आणि त्यांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. रकान्यातील जागेचा निर्णय ते स्वतः करीत नसत असे त्यांच्या बाजूने कोणी म्हणेल. ते खरे धरले तरी त्याने गोष्ट हलकी होत नाही, उलट जड होते. मालकाचे व्यासपीठावरील शब्द त्याच्याच कचेरीतील मेजापर्यंत दोन वर्षांत पोहोचले नव्हते, असा त्याचा अर्थ होतो.

काय मागितले गेले होते याचा नीट विचार करावा. 'मूकनायका'ची मते 'केसरी'ने मान्य करावी अशी मागणी नव्हती. त्यांच्यावर टीका करू नये अशीही नव्हती. अमुक नावाचे पत्र निघाले आहे, त्याची वर्गणी इतकी, ते अमुक ठिकाणी मिळेल, एवढीच जाहीरखबर द्यावयाची होती. शब्दाच्या मूळच्या, प्रामाणिक अर्थाची. ती द्यावयास पैसेही पुढे केले होते. जाहिरात नाकारण्याचा पत्रकर्त्यास हक्क असतो, आणि तो हक्क नसावा असे मी म्हणणार नाही. पण हक्काचा वापर कोणावर झाला हे पाहिले म्हणजे पत्राचे खरे ब्रीद कळते. ज्या काळात मंतरलेल्या अंगठ्यांना मराठी पत्रांच्या शेवटच्या पानांवर मज्जाव नव्हता, त्या काळात अस्पृश्यांच्या पत्रास विकत देखील जागा मिळाली नाही. विहिरीवर जो नियम होता तोच रकान्यात लागू झाला: पाणी आहे, दाम देतो आहे, पण तुझ्या घड्यात घालणार नाही.

येथे इतिहासकाराच्या दृष्टीने एक चमत्कारिक गोष्ट आहे. छापलेली वाईट जाहिरात पुरावा मागे ठेवते. ती आज शंभर वर्षांनी काढून कोणीही हसू शकतो. नाकारलेल्या जाहिरातीचा पुरावा नाकारणाऱ्याच्या पानांवर कधीच सापडत नाही. १९२० च्या 'केसरी'चे सगळे अंक ओळीने वाचून काढले तरी 'मूकनायका'ची जाहिरात नाकारली गेली, असे त्यांत कोठे दिसावयाचे नाही; तेथे दुसरीच काही जाहिरात असेल आणि पान भरलेले दिसेल. ही हकीकत आज आपणांस ठाऊक आहे ती केवळ ज्यांना नाकारले त्यांनी ती विसरली नाही म्हणून. आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी तिची नोंद केली आणि पुढे ती सर्वतोमुखी झाली. ज्यांना आठवण ठेवण्याचे साधन नव्हते अशा किती जणांचे दाम या शंभर वर्षांत किती कचेऱ्यांतून परत गेले असतील, याचा हिशोब कोणत्याही फायलीत मिळत नाही.

आता गांधीजींच्या नियमाकडे पुन्हा वळू. लोकांस पत्र हवे असेल तर ते वर्गणी देतील. न देतील तर ते त्यांस नको आहे असे समजावे. 'मूकनायका'स हा नियम लावून पाहा. ज्या लोकांसाठी ते पत्र होते त्यांच्यात अक्षर ओळखणारे किती, ओळखणाऱ्यांत वर्गणीचे पैसे शिल्लक राहणारे किती? त्यांना पत्र नको होते म्हणून ते बंद पडले काय? जुलै १९२० मध्ये आंबेडकर शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले, पत्राचा भार ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्यावर आला, आणि १९२३ मध्ये ते बंद झाले. ३ एप्रिल १९२७ रोजी आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत' काढले. त्याचे चोवीस-चोवीस रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले, कारण पगार देऊन माणूस ठेवण्यास पैसा नव्हता. १९२८ च्या फेब्रुवारीत त्यांना 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा मथळा देऊन अग्रलेख लिहावा लागला. १५ नोव्हेंबर १९२९ नंतर तेही पत्र थांबले.

गांधीजींचा नियम चुकीचा आहे असे यावरून ठरत नाही. पण तो कोणास परवडतो हे मात्र ठरते. त्यांच्यामागे वाचणारा आणि वर्गणी देणारा मध्यमवर्ग होता, व्यापारी होते, देशभर पसरलेले कार्यकर्ते होते. त्यांनी जाहिरात सोडली तेव्हा पत्राची कीर्ती वाढली. आंबेडकरांना मोठ्या पत्राच्या रकान्यात शिरूच दिले गेले नाही, आणि ती उणीव भरून काढण्यास त्यांच्या वाचकापाशी काही नव्हते. शुद्ध राहण्याचा खर्च सर्वांस सारखा येत नाही. श्रीमंत संस्थेने गुटख्याचा पैसा नाकारला तर मंडप थोडा लहान होतो. गरीब संस्थेने नाकारला तर तिची शाळा बंद पडते. म्हणून गरीब संस्थेने तो घ्यावा असे माझे म्हणणे नाही. परंतु तिने तो घेतला असता तिच्याकडे बोट दाखविणाऱ्या आपण सुशिक्षितांनी तिची वर्गणी भरली आहे की नाही, हे आधी पाहावे, एवढे मी जरूर म्हणेन.

'बहिष्कृत भारत' थांबल्यावर चार महिन्यांच्या आतच, २ मार्च १९३० रोजी, नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालविला. हजारो माणसे पंचवटीत आली आणि मंदिराच्या दारांपुढे बसली. दारे बंद राहिली. आमच्या गावातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी त्या दिवसांच्या दगडफेकीच्या गोष्टी पुष्कळ काळ होत्या, आणि त्या सांगताना सांगणाऱ्याचा आवाज हळू होई. बंद दाराचे चित्र सर्वांस समजते, त्याची छायाचित्रे निघतात, त्याच्यापुढे सत्याग्रह करता येतो. दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या रकान्यापुढे मात्र कोणास बसता आले नव्हते. पुढे १९३५ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यात येवल्यास, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हा निर्धार आंबेडकरांनी सांगितला, तेव्हा महाराष्ट्रातील पत्रे त्यावर रकानेच्या रकाने भरून लिहू लागली. तोपर्यंत उशीर झाला होता.

एक शेवटची हकीकत. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यास गांधीजींचे 'हरिजन' निघाले. ते स्वतः तेव्हा येरवड्यास बंदिवान होते. ज्या आर्यभूषण छापखान्याच्या स्थापनेत चिपळूणकर, टिळक, आगरकर ही मंडळी होती, आणि जो पुढे भारत सेवक समाजाकडे गेला, तेथेच ते छापले गेले. पहिल्या अंकासाठी आंबेडकरांकडे संदेश मागितला असता, त्यांनी संदेश देण्याचे नाकारले आणि त्याऐवजी आपले मत पाठविले: अस्पृश्यता हे जातिव्यवस्थेचेच अपत्य आहे, आणि जाती आहेत तोवर अस्पृश्यही राहतील. पत्राच्या मूळ भूमिकेलाच छेद देणारा हा मजकूर गांधीजींनी त्याच अंकात छापला आणि खाली आपला मतभेद नोंदविला.

तीन वर्षांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांना अध्यक्षपदासाठी बोलाविले, त्यांचे लिहिलेले भाषण पाहून ते घाबरले आणि परिषदच रद्द केली. आंबेडकरांनी ते भाषण १९३६ साली स्वखर्चाने पंधराशे प्रती काढून इंग्रजीत प्रसिद्ध केले. जातीविषयीच्या त्यातील मतांशी गांधीजी सहमत नव्हते. तरी 'हरिजन'च्या जुलै महिन्यातील अंकांतून त्यांनी त्यावर सविस्तर लिहिले, कोणाही सुधारकास हे भाषण डावलता येणार नाही असे सांगितले, आणि ज्या पत्रात एका ओळीची जाहिरात कोणास विकत मिळत नसे, त्या पत्रात पुस्तकाची किंमतही नमूद केली: आठ आणे. ती दोन आणे, निदान चार आणे असावी, अशी सूचनाही त्यांनी केली. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या.